तीन प्रस्ताव आणि एक निवड : संगणकीय पदार्थविज्ञानातील पीएच.डी.चा प्रकरण अभ्यास

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थिनीपुढे संगणकीय पदार्थविज्ञानातील पीएच.डी.चे तीन प्रस्ताव एकाच वेळी आले. तिन्हींत निधीची हमी होती, तिन्ही मार्गदर्शकांचे प्रकाशित काम चांगले होते आणि तिन्ही जाहिरातींत मशीन लर्निंग, बहुस्तरीय सिम्युलेशन आणि नव्या पदार्थांचा शोध हे शब्द आलटून पालटून येत होते. उत्तर देण्यासाठी तिच्या हातात काही आठवडे होते. तिच्या एम.एस्सी. प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून ही निवडप्रक्रिया मी जवळून पाहिली आणि पुढे तिचे काम कसे चालले आहे हेही मला कळत राहिले. तिच्या संमतीने, व्यक्ती आणि संस्था ओळखू येतील असे सर्व तपशील वगळून, हे प्रकरण येथे मांडतो आहे. या क्षेत्रात संधी आज विपुल आहेत, पण नुसती जाहिरात वाचून दोन संधींमधला फरक कळत नाही. तो ओळखण्याची जी रीत तिने बसवली ती इतर उमेदवारांनाही उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

संधी इतक्या का वाढल्या, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. होहेनबर्ग आणि कोन यांनी १९६४ मध्ये, आणि कोन व शाम यांनी १९६५ मध्ये, घनता-फलन सिद्धांताचा म्हणजे डीएफटीचा पाया घातला. असंख्य इलेक्ट्रॉनांचे एकत्रित तरंगफलन सोडवत बसण्याऐवजी केवळ इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून पदार्थाची मूलस्थितीतील ऊर्जा काढता येते, हे त्या सिद्धांताचे सार आहे, आणि या कार्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. २००७ मध्ये बेलर आणि पारिनेल्लो यांनी डीएफटीच्या गणनांवरून शिकणारे न्यूरल नेटवर्क अणूंमधील बलांसाठी वापरून दाखवले. २०११ मध्ये अमेरिकेत मटेरियल्स जीनोम इनिशिएटिव्ह जाहीर झाला आणि त्याच वर्षी मटेरियल्स प्रोजेक्ट हा गणनांनी मिळवलेल्या गुणधर्मांचा खुला संग्रह सुरू झाला. सिद्धांत, शिकणारे प्रतिमान आणि खुली माहिती हे तीन प्रवाह एकत्र आल्यावर बॅटरी, उत्प्रेरक, मिश्रधातू अशा जवळजवळ प्रत्येक शाखेत संगणकावर काम करणाऱ्या संशोधकांची गरज निर्माण झाली.

या वाढीबरोबर एक अडचणही आली, आणि तीच या प्रकरणाच्या मुळाशी आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात डीएफटीची गणना करणाऱ्या १५ वेगवेगळ्या आज्ञावल्या, म्हणजे कोड, ७१ मूलद्रव्यांच्या स्फटिकांवर चालवून पाहिले गेले, आणि आजचे प्रमुख कोड एकमेकांशी फारच बारकाईने जुळतात असे दिसले. ही मोठीच उपलब्धी आहे. मात्र कोड एकमेकांशी जुळणे ही एक गोष्ट आहे आणि ते पदार्थाशी जुळणे ही दुसरी. सिलिकॉनचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहण्यासाठी मोकळा व्हायला लागणारी किमान ऊर्जा, सामान्य तापमानाला १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोजला जातो. डीएफटीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पीबीई या फलनाने, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेसाठीच्या अंदाजी सूत्राने, तो सुमारे ०.६ येतो, आणि कोड बदलला तरी तो तितकाच चुकीचा येतो. विद्यार्थिनीने एम.एस्सी. प्रकल्पात एका ऑक्साइडवर क्वांटम एस्प्रेसो हा डीएफटी कोड वापरून हीच उणीव स्वतः पाहिलेली होती. त्यामुळे प्रस्ताव तपासताना तिने पहिला प्रश्न लिहून ठेवला तो असा : इथे मी जो आकडा काढणार आहे, तो चुकीचा असेल तर मला ते कशावरून कळेल आणि ते कोण सांगेल?

तीन प्रस्ताव

पहिला प्रस्ताव एका मोठ्या आणि नावाजलेल्या गटाचा होता. गटात वीसहून अधिक संशोधक, सुपरकॉम्प्युटरवर भरपूर राखीव वेळ, आणि विषय असा की घन इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीत द्रवाऐवजी आयन वाहून नेणारा घन पदार्थ, म्हणून चालतील अशी हजारो संयुगे स्वयंचलित गणनांनी चाळून त्यांतून मोजकी निवडायची. निधी तीन वर्षांचा होता. प्रयोग करणारा ठरलेला सहकारी नव्हता. निवडलेल्या संयुगांची यादी प्रसिद्ध झाल्यावर कोणी ना कोणी ती प्रयोगशाळेत बनवून पाहील, अशी अपेक्षा प्रस्तावात होती.

दुसरा गट लहान होता : मार्गदर्शक, एक पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचा संशोधक) आणि तीन पीएच.डी. विद्यार्थी. विषय एकाच पदार्थाचा होता. लिथियम, लँथनम, झिर्कोनियम आणि ऑक्सिजन यांचे गार्नेट रचनेचे ऑक्साइड, ज्याला या क्षेत्रात सगळे एलएलझेडओ म्हणतात, त्यातून लिथियमचे आयन कसे वाहतात आणि स्फटिककणांच्या सीमांवर ते कुठे अडतात, हे शोधायचे होते. निधी चार वर्षांचा, मात्र चौथे वर्ष आढाव्यानंतर मंजूर होणार होते. त्याच इमारतीत हा पदार्थ भाजून बनवणारा आणि मोजणारा प्रायोगिक गट होता, आणि त्या गटाच्या प्रमुख सहमार्गदर्शक असणार होत्या.

तिसऱ्या प्रस्तावाला एका उद्योगाचे पाठबळ होते. निकेलच्या सुपरअॅलॉयमध्ये, म्हणजे जेट इंजिनाच्या पात्यांसाठी वापरतात त्या मिश्रधातूत, निकेल-अॅल्युमिनियमच्या सुव्यवस्थित प्रावस्थेचे (फेजचे) घनाकार कण असतात; उच्च तापमानात ताणाखाली ते वाढून एकमेकांना जोडले जातात आणि पट्ट्यांसारखी रचना तयार होते. ही प्रक्रिया फेज-फील्ड पद्धतीने, म्हणजे प्रावस्थांच्या सीमा कशा सरकतात हे समीकरणांनी मांडून, सिम्युलेट करणे हा विषय होता. मोजमापे उद्योगाकडून मिळणार होती, पण प्रत्येक शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी कंपनीची लेखी परवानगी लागणार होती.

चौथी एक संधी तिला आधीच सोडावी लागली होती. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये उमेदवाराने नेमणुकीपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य किंवा मुख्य काम केलेले नसावे अशी अट असते, तिचे एम.एस्सी. त्याच देशात झालेले असल्याने ती अपात्र ठरली. अर्ज, शिफारसपत्रे आणि मुलाखतीची तयारी एवढे सगळे करून झाल्यावर हे तिच्या लक्षात आले. पात्रतेच्या अटी सर्वांत आधी वाचाव्यात, हे सांगायला सोपे असते. पण आकर्षक विषय दिसला की उमेदवार नेमके तेच पान शेवटी उघडतात.

आकडा कुठे तपासला जातो

पहिला आणि दुसरा प्रस्ताव वरवर पाहता एकाच गोष्टीविषयी होते : घन पदार्थातून लिथियम किती वेगाने वाहतो. तिने दोन्ही गटांचे शोधनिबंध शेजारीशेजारी ठेवून वाचले आणि त्यांतील एकाच प्रकारच्या आकृतीवर लक्ष केंद्रित केले. या आकृतीत आडव्या अक्षावर तापमानाचा व्यस्त आणि उभ्या अक्षावर विसरण-गुणांकाचा, म्हणजे आयन किती वेगाने पसरतात त्या मापाचा, लॉगरिदम असतो. उच्च तापमानाला काही बिंदू काढायचे, त्यांतून सरळ रेषा न्यायची आणि ती सामान्य तापमानापर्यंत वाढवून तेथील वाहकता वाचायची, अशी ही रूढ पद्धत आहे.

रेषा अशी वाढवावी का लागते, याचे गणित तिने स्वतः करून पाहिले, आणि ते प्रत्येक उमेदवाराने एकदा तरी करावे असे मला वाटते. गार्नेटच्या घनाकार एककपेटीत, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या एककात, १९२ अणू असतात. समजा, डीएफटीवर आधारलेल्या मॉलिक्युलर डायनॅमिक्सचे, म्हणजे अणूंची हालचाल पावलापावलाने काढणाऱ्या सिम्युलेशनचे, एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचे आहे आणि ते पूर्ण व्हायला क्लस्टरवर २० सेकंद लागतात. मग १०० पिकोसेकंदांसाठी ५० हजार पावले, म्हणजे साडेअकरा दिवस लागतात. १००० केल्विनला एवढ्या वेळात आयन पुरेशा उड्या मारतात. पण उडीचा अडसर, म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला लागणारी ऊर्जा, ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल, तर ३०० केल्विनला हीच हालचाल तीन हजारांहून अधिक पटींनी मंदावते, आणि तेवढ्याच उड्या पाहायच्या तर तेच सिम्युलेशन शंभराहून अधिक वर्षे चालवावे लागेल. म्हणून सगळे उच्च तापमानाला मोजतात आणि रेषा खाली आणतात.

या सरळ रेषेत दोन धोके दडलेले असतात. पहिला असा की अडसराच्या मापनात केवळ ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक झाली, तरी सामान्य तापमानाच्या अंदाजात कित्येक पटींचा फरक पडतो. दुसरा धोका अधिक गंभीर आहे : वर आणि खाली पदार्थ तोच असेल याची खात्री नसते. शुद्ध एलएलझेडओ सामान्य तापमानाला टेट्रागोनल (एका दिशेने ताणलेल्या किंवा दबलेल्या घनासारख्या) रचनेत असतो आणि बरेच तापवल्यावर, सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या वर, क्युबिक (घनाकार) होतो. २००७ मध्ये ज्या क्युबिक रूपाची माहिती प्रसिद्ध झाली त्याची वाहकता सामान्य तापमानाला प्रतिसेंटिमीटर १० चा उणे चौथा घात सीमेन्स या श्रेणीतील होती. टेट्रागोनल रूपाची वाहकता त्याहून सुमारे दोन श्रेणींनी कमी आहे. क्युबिक रूप खालच्या तापमानाला टिकावे म्हणून अॅल्युमिनियम किंवा टँटलम मिसळतात. म्हणजे शुद्ध पदार्थाची रेषा १००० केल्विनवरून डोळे झाकून खाली आणली, तर ती ज्या पदार्थाची वाहकता सांगते तो ३०० केल्विनला अस्तित्वातच नसतो.

मुलाखतीत तिने तिन्ही ठिकाणी या अंगाने विचारले. पहिल्या गटाच्या मार्गदर्शकांनी प्रामाणिकपणे सांगितले की हजारो संयुगे चाळताना प्रत्येकाच्या प्रावस्था-बदलाची तपासणी शक्य नसते. यादीतील काही नावे चुकीची निघतील हे गृहीत धरूनच काम करावे लागते. हे उत्तर चुकीचे नाही. चाळणीचे काम तसेच असते आणि त्याला त्याची जागा आहे. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या गटाने ग्नोम या प्रकल्पातून २२ लाख नव्या स्फटिकरचनांची आणि त्यांतील ३ लाख ८० हजार स्थिर असल्याची घोषणा केली, तेव्हाही पुढच्याच वर्षी पदार्थ-रसायनशास्त्रातील अनुभवी संशोधकांनी यांतील किती खरोखर नव्या आणि उपयोगी आहेत असा जाहीर प्रश्न विचारला होता. मोठ्या यादीचे मोल तिच्यामागच्या तपासणीवर ठरते, आणि विद्यार्थिनीच्या तीन वर्षांत ती तपासणी तिच्या वाट्याला येणार नव्हती.

दुसऱ्या ठिकाणी तिने प्रश्न प्रायोगिक सहमार्गदर्शकांनाच विचारला : मॅडम, स्फटिककणाच्या आतला रोध आणि सीमेवरचा रोध तुम्ही वेगळा कसा करता? उत्तर तपशीलवार मिळाले. इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपीत वेगवेगळ्या वारंवारतांचा प्रत्यावर्ती विद्युतदाब देऊन प्रतिसाद मोजतात. आतला आणि सीमेवरचा प्रवाह आलेखात दोन वेगळ्या कमानींसारखे दिसायला हवेत, पण या पदार्थात सामान्य तापमानाला आतली कमान इतक्या उच्च वारंवारतेला सरकते की उपकरणाच्या आवाक्यात ती पुरती येत नाही. म्हणून नमुना सामान्य तापमानाच्या बराच खाली थंड करून मोजतात, मग दोन्ही कमानी वेगळ्या दिसतात.

माझ्या मते निर्णय याच उत्तराने झाला, जरी तिला ते दोन दिवसांनी उमगले. सिम्युलेशन ८०० केल्विनच्या वर चालते आणि प्रयोग ३०० केल्विनच्या खाली चालतो. दोघेही आपापली रेषा समोरच्याच्या दिशेने वाढवतात आणि मधल्या पट्ट्यात, जिथे बॅटरी प्रत्यक्ष चालायची असते, तिथे कोणीच थेट पाहिलेले नसते. शिकणारी आंतरअणू पोटेन्शियल्स, म्हणजे डीएफटीच्या गणनांवरून अणूंमधील ऊर्जा आणि बले शिकलेली प्रतिमाने, डीएफटीपेक्षा कित्येक पटींनी स्वस्त असल्याने सिम्युलेशनला थेट ३०० केल्विनपर्यंत उतरता येते आणि हजारो अणूंची सीमाही मांडता येते. म्हणजे पीएच.डी.चा प्रश्न या पट्ट्यात होता, आणि त्याचे उत्तर चुकले तर सांगणारी व्यक्ती त्याच इमारतीत बसत होती.

बाकीच्या गोष्टी

हे ठरवताना तिने कामाच्या व्यवहाराकडेही दुर्लक्ष केले नाही. प्रत्येक गटातील दोन-तीन चालू विद्यार्थ्यांशी, मार्गदर्शक हजर नसताना, ती बोलली. मार्गदर्शक किती वेळा भेटतात, गेल्या दोन विद्यार्थ्यांनी गट सोडला असेल तर का सोडला, क्लस्टरवर काम रांगेत किती वेळ थांबते, कोड कोणाच्या मालकीचा आहे, आणि संशोधन आराखडा मधेच बदलावा लागला तर तो कसा बदलतात, असे तिचे प्रश्न होते. यांतील शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पहिल्या गटात मार्गदर्शक महिन्यातून एकदा भेटत आणि रोजचे मार्गदर्शन पोस्टडॉक करत. मोठ्या गटात हे स्वाभाविक आहे आणि पोस्टडॉक चांगला असेल तर त्यात काही बिघडत नाही, फक्त तो पोस्टडॉक किती दिवस राहणार हे विचारायला हवे. तो वर्षभरात जाणार होता.

सॉफ्टवेअरचा मुद्दा उमेदवारांना किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. व्हॅस्प हा डीएफटी कोड वापरायला परवाना लागतो आणि तो गटाच्या नावावर असतो. गट सोडला की वापरही संपतो. क्वांटम एस्प्रेसो, सीपीटूके, लॅम्प्स ही सिम्युलेशनची सॉफ्टवेअर खुली आहेत आणि त्यांत मिळवलेले कौशल्य कुठेही सोबत नेता येते. तिसऱ्या प्रस्तावात मिश्रधातूंच्या ऊष्मागतिकीचा जो माहितीसंग्रह वापरायचा होता तो व्यापारी होता, आणि त्यातील आकडे प्रबंधात छापता येणार नव्हते. दुसऱ्याला पडताळून पाहता येणार नाही असा प्रबंध परीक्षकांपुढे कसा टिकेल, हे तिने कंपनीच्या प्रतिनिधींना विचारले. त्यांनी परवानगीची मुदत ६० दिवसांची करण्याची तयारी दाखवली, पण आकड्यांचा प्रश्न तसाच राहिला.

कालावधीबद्दल देशोदेशी पद्धती वेगळ्या आहेत. अमेरिकी विद्यापीठांत बहुधा विभागात प्रवेश मिळतो, सुरुवातीला अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा असते, मार्गदर्शक नंतर ठरतो आणि एकूण पाच वर्षे किंवा अधिक लागतात. युरोपात ठरलेल्या प्रकल्पावर नोकरीसारखी नेमणूक होते आणि पहिल्या दिवसापासून संशोधन सुरू होते. ब्रिटनमधील डॉक्टरल प्रशिक्षण केंद्रांत, उदाहरणार्थ वॉरिक विद्यापीठाच्या हेटसिस केंद्रात, सिम्युलेशनबरोबर अनिश्चिततेचे गणित शिकवण्यावर मुद्दाम भर असतो. ज्याला विषय अजून ठरवायचा आहे त्याला पहिली पद्धत सोयीची. हिचा विषय बऱ्यापैकी ठरलेला होता.

तिची स्वतःची एक कमकुवत बाजू होती आणि ती तिने झाकली नाही. सांख्यिकी भौतिकी तिची चांगली होती, पण आज्ञावली लिहिण्याचा अनुभव इनपुट फाइली बदलण्यापुरताच होता. दुसऱ्या गटाने मुलाखतीपूर्वी एक छोटे काम दिले : मटेरियल्स प्रोजेक्टमधून एलएलझेडओची रचना घ्या, जवळजवळ सर्व मूलद्रव्यांसाठी तयार मिळणाऱ्या मेस-एमपी या पोटेन्शियलने तीन तापमानांना सिम्युलेशन चालवा आणि निष्कर्षावर एक पान लिहा. तिचा कोड फारसा सुबक नव्हता. पण तिने मिळवलेला विसरण-गुणांक प्रकाशित आकड्यांपेक्षा जास्त आला, आणि तो का जास्त आला असेल याचा शोध घेताना तिला अशा सार्वत्रिक पोटेन्शियल्सविषयीची एक नोंदवलेली उणीव सापडली : ती प्रामुख्याने समतोलाजवळच्या रचनांवर शिकलेली असल्याने ऊर्जेचे चढ प्रत्यक्षापेक्षा मऊ दाखवतात, आणि अडसर कमी भासला की आयन अधिक वेगाने पळतात. एका पानाच्या टिपणात तिने आकड्याआधी ही शंका मांडली. मार्गदर्शकांनी नंतर मला सांगितले की निवड त्या टिपणावर झाली. कोड लिहिणे वर्षभरात शिकवता येते, आलेल्या उत्तरावर शंका घेण्याची सवय लावणे त्यांना अधिक अवघड वाटते.

निवड आणि मतभेद

तिने दुसरा प्रस्ताव स्वीकारला. त्यात तिने काय सोडले हेही सांगितले पाहिजे. पहिल्या गटाचे नाव तिच्या पुढच्या अर्जांना वजन देणारे होते, हजारो गणना आपोआप चालवण्याचे आणि सांभाळण्याचे जे कौशल्य तिथे मिळाले असते त्याला उद्योगांत चांगली मागणी आहे, आणि शोधनिबंधही तिथे लवकर झाले असते.

तिसऱ्या प्रस्तावाबद्दल माझे मत तिच्याहून वेगळे होते आणि अजूनही आहे. अणूंच्या पातळीवरची गणना करणारे तरुण संशोधक आज पुष्कळ तयार होत आहेत, पण मायक्रोमीटरच्या पातळीवर रचना कशी बदलते हे मांडणारी, म्हणजे फेज-फील्ड आणि ऊष्मागतिकी दोन्ही पेलणारी माणसे त्या मानाने कमी आहेत. मूस हा इडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेचा सिम्युलेशनसाठीचा खुला सॉफ्टवेअर-आराखडा वापरून आणि प्रकाशित झालेली ऊष्मागतिकीय माहिती घेऊन त्या विषयाचा निम्मा भाग तरी उद्योगाच्या परवानगीविना करता आला असता, असे मी तिला सुचवले होते. प्रायोगिक आकडेही तिथे मुबलक होते. तिचे म्हणणे असे की चुकीची जाणीव करून देणारी मोजमापे तिथे आहेत हे खरे, पण ती कोणाला दाखवता येणार नाहीत, आणि विज्ञानात जी तपासणी उघड करता येत नाही तिच्यावर पीएच.डी. उभारायची तिची तयारी नाही. हा मुद्दा मला मान्य आहे. वाटाघाटी आणखी ताणून पाहायला हव्या होत्या, एवढेच माझे म्हणणे.

पुढे काय झाले

पहिले वर्ष अपेक्षेपेक्षा मंद गेले. स्फटिककणाच्या आतील भागासाठी तिने शिकवलेले पोटेन्शियल उत्तम चालले. तेच सीमेच्या प्रतिमानावर लावल्यावर काही पिकोसेकंदांत लिथियमचे अणू एकमेकांच्या अशक्य इतके जवळ आले आणि सिम्युलेशन कोसळले. कारण उघड होते : सीमेवर ऑक्सिजनच्या शेजाऱ्यांची संख्या आणि अंतरे अशी असतात की तशी एकही रचना शिकवणीच्या माहितीत नव्हती. तिने एकाऐवजी पोटेन्शियल्सचा एक लहान संच शिकवला, त्या सर्वांचे अंदाज जिथे एकमेकांपासून दूर जातात त्या रचना वेगळ्या काढल्या, त्यांवर पुन्हा डीएफटी केले आणि ती माहिती शिकवणीत मिळवली. सीमेचे पूर्ण प्रतिमान डीएफटीला पेलणारे नसल्याने तिला लहान, तापवून मोडलेल्या रचनांचा आधार घ्यावा लागला. या फेऱ्यांनंतर सिम्युलेशन ३०० केल्विनला स्थिर चालू लागले.

खरी अडचण त्यानंतर प्रयोगाच्या बाजूने आली. प्रायोगिक गटाचे तीन नमुने वेगवेगळ्या तापमानाला भाजलेले होते आणि त्यांचा सीमारोध एकमेकांशी जुळत नव्हता. घनता वेगळी, कणांचा आकार वेगळा, त्यामुळे कोणत्या आकड्याशी तुलना करायची हेच ठरेना. दोन्ही मार्गदर्शकांनी आणि तिने मिळून ठरवले की वाहकतेच्या निरपेक्ष आकड्याऐवजी तापमानाबरोबर ती ज्या उताराने बदलते त्याची, म्हणजे सक्रियण ऊर्जेची, तुलना करायची, कारण नमुन्याच्या भूमितीचा परिणाम तिच्यावर त्या मानाने कमी होतो. या चर्चेत काही महिने गेले आणि पहिला शोधनिबंध लांबला. त्याच काळात पहिल्या गटात रुजू झालेल्या तिच्या ओळखीच्या एका उमेदवाराचे दोन निबंध प्रसिद्ध झाले होते, आणि हे तिला खुपले हेही नोंदवायला हवे. विद्यार्थ्यांच्या प्रगतीचे मोजमाप निबंधांच्या संख्येवर होत असताना तपासणीसह केलेले काम उशिरा दिसते, आणि हा भार एकट्या विद्यार्थ्याने सोसावा अशी अपेक्षा कोणत्याही मार्गदर्शकाने करू नये असे माझे ठाम मत आहे. तिच्या मार्गदर्शकांनी वार्षिक आढाव्यात विलंबाचे कारण स्वतःच्या सहीने लिहून दिले.

तुलना झाली तेव्हा दोन नमुन्यांचा उतार सिम्युलेशनशी समाधानकारक जुळला आणि तिसऱ्याचा जुळला नाही. तो नमुना अधिक काळ हवेत राहिलेला होता. हा पदार्थ हवेतील ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी अभिक्रिया करतो आणि पृष्ठभागावर लिथियम कार्बोनेटचा थर तयार होतो. तो सीमांमध्येही शिरला असेल तर तिच्या प्रतिमानात त्याला जागाच नव्हती, कारण त्यात कार्बन हे मूलद्रव्यच नव्हते. हे सहमार्गदर्शकांनी नमुन्याच्या नोंदवहीतील तारखा पाहून ओळखले.

त्यानंतर संशोधन आराखडा बदलला आहे. टँटलमचे प्रमाण बदलून पाहण्याचे प्रबंधातील मूळ तिसरे प्रकरण वगळून त्याजागी कार्बोनेटयुक्त सीमांचे प्रकरण आले, निरार्द्र हवेत ठेवलेले नवे नमुने भाजायला घेतले गेले आणि बदललेल्या आराखड्याला समितीची लेखी मंजुरी मिळाली. चौथ्या वर्षाच्या निधीचा आढावा अजून व्हायचा आहे. त्यासाठीच्या अर्जात तिने न जुळलेल्या तिसऱ्या नमुन्याचा आलेख पहिल्याच पानावर ठेवला आहे.